कोवळं ऊन आणि लांब सावली

कोकणात बाळाला तेल चोळलं की सकाळच्या कोवळ्या उन्हात खळ्यात घेऊन बसायची पद्धत आहे. गुडघे धरलेल्या आजीलाही तोच सल्ला मिळतो, ‘सकाळचं जरा उन्हात बस, हाडांना बरं.’ बसायला हरकत काहीच नाही. उजेड मिळतो, अंग शेकतं, वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांची विचारपूस होते. पण ज्याच्यासाठी म्हणून बसवतात ते ड जीवनसत्त्व त्या उन्हात जवळजवळ तयारच होत नाही. सात-आठच्या उन्हात तर नाहीच.

ऊन म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे. अंगाला ऊब देणारे किरण वेगळे, डोळ्यांना दिसणारा उजेड वेगळा आणि त्वचेत ड तयार करणारे अतिनील किरण वेगळे. त्यातही २९० ते ३१५ नॅनोमीटर एवढाच छोटा पट्टा या कामाचा, त्याला यूव्हीबी म्हणतात. सूर्य तिरपा असतो तेव्हा या किरणांना हवेतून आणि ओझोनच्या थरातून फार लांबची वाट कापावी लागते आणि वाटेतच ते शोषले जातात. ऊब देणारे किरण मात्र पोचतात. म्हणून अंग तापलं म्हणजे ड झालं, हा हिशोब चुकीचा ठरतो.

सूर्य किती तिरपा आहे ते मोजायला यंत्र लागत नाही. खळ्यात उभं राहा आणि आपली सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि ऊन कामाचं आहे. सावली उंचीएवढी असेल तर काठावरचं. दुप्पट असेल तर बसा खुशाल, पण ड च्या आशेने नको.

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला हिशोब केला तर डिसेंबरात सकाळी आठ वाजता माणसाची सावली उंचीच्या जवळजवळ पाचपट पडते. मे महिन्यातही आठ वाजता ती दुप्पट असते. सावली उंचीपेक्षा आखूड असण्याची वेळ डिसेंबरच्या शेवटी साधारण सव्वाअकरा ते दोन, ऑक्टोबरच्या मध्यावर दहा ते पावणेतीन आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात साडेनऊ ते पावणेचार. अलिबाग थोडं उत्तरेला आणि सावंतवाडी थोडी दक्षिणेला, पण फरक काही मिनिटांचाच. घड्याळाचीही एक गंमत आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि कोकण ७३ अंशांच्या आसपास. त्यामुळे इथली खरी माध्यान्ह बाराला होत नाही. वर्षभरात ती साधारण १२.२० ते १२.५० च्या दरम्यान सरकत असते. सावली सर्वांत आखूड तेव्हा.

यातली चांगली बातमी अशी की कोकणात पावसाळ्याचे ढग सोडले तर वर्षातला एकही महिना असा नाही की दुपारी यूव्हीबी जमिनीपर्यंत पोचतच नाही. लंडनच्या हिवाळ्यात कितीही वेळ उन्हात बसलं तरी ड बनत नाही. आपल्याकडे २२ डिसेंबरलाही दुपारी सूर्य ४९ अंशांपर्यंत चढतो. तिरुपतीला त्वचेतलाच कच्चा घटक कुप्यांत भरून उन्हात ठेवून तपासला, तेव्हाही सकाळी ११ ते दुपारी २ हीच वेळ वर्षभर सर्वांत फलदायी ठरली.

कामाचं ऊन ओळखायची घरगुती खूण द्यायची तर ज्या उन्हात आमसुलं आणि आंबोशी सुकायला घालतो ते ऊन. त्या वेळी माणसं मात्र पडवीत असतात. आणि ते बरोबरही आहे, कारण एप्रिल-मेची दुपार काही बसायची जागा नव्हे. तेव्हा प्रश्न असा की किती वेळ आणि किती अंग.

त्वचेच्या वरच्या थरात कोलेस्टेरॉलच्या कुळातला ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. यूव्हीबी पडलं की त्यातून ड चं पूर्वरूप बनतं आणि अंगाच्या उष्णतेने पुढच्या काही तासांत त्याचं ड-३ होतं. तिथून ते रक्तात, मग यकृतात. तिथे त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप होतं आणि रक्त तपासतात ते हेच. शेवटचा संस्कार मूत्रपिंडात होतो आणि कॅल्सिट्रायॉल नावाचं संप्रेरक तयार होतं. म्हणजे नाव जीवनसत्त्वाचं आणि काम संप्रेरकाचं. १९१९ मध्ये बर्लिनला कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचे उपचार केले. किरण एका हातावर दिले तरी दुसऱ्या हाताची हाडंही भरून आली. त्वचेत बनलेलं काहीतरी रक्तातून सगळीकडे जातंय, हे त्यावरून दिसलं. नाव पडलं तीन वर्षांनी. अ, ब, क ही अक्षरं आधीच दिली गेली होती, म्हणून मॅकॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी याला पुढचं अक्षर दिलं.

कॅल्सिट्रायॉलचं मुख्य काम आतड्यात. ते पुरेसं नसेल तर जेवणातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्के शोषलं जातं, पुरेसं असेल तर ३० ते ४० टक्के. नाचणीची भाकरी रोज खाऊनही हाडं दुखतात, त्यामागे बऱ्याचदा हे गणित असतं.

आता मिनिटं. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हेच किरण शोषून घेतं, त्यामुळे गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली ‘दहा मिनिटं’ आपल्याला पुरत नाहीत. तीन ते सहा पट वेळ लागू शकतो. चेहरा, कोपरापर्यंत हात आणि गुडघ्याखालचे पाय उघडे असतील तर त्वचेचा सुमारे तिसरा हिस्सा झाला. तेवढं अंग घेऊन आठवड्यातून चार-पाच दिवस डिसेंबर-जानेवारीत ३० ते ४५ मिनिटं आणि मार्च ते मे १५ ते २० मिनिटं, असा अंदाज धरायला हरकत नाही. हातच उघडे असतील आणि डोक्यावरून पदर असेल तर हाच वेळ दुपटीहून जास्त होतो. पाठ उघडी टाकून आंघोळीआधी विहिरीवर कपडे धुणारा माणूस अर्ध्या तासात जे मिळवतो, ते टोपी-शर्ट-पॅंट घातलेल्या शिपायाला दोन तासांत मिळणार नाही. त्वचा चुरचुरण्याच्या आत सावलीत यायचं. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून रंगाकडे न बघता चुरचुरीकडे लक्ष द्यायचं.

जास्त वेळ थांबून जास्त ड मिळतं असंही नाही. एका मर्यादेनंतर तेच किरण पूर्वरूपाचं निकामी पदार्थांत रूपांतर करू लागतात. उन्हाने कोणाला ड ची विषबाधा झाली असं होत नाही, त्याचं कारण हेच. दोन तास तळपत राहण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

काही समजुती इथेच निकालात काढू. काच यूव्हीबी अडवते, म्हणून खिडकीतलं ऊन, गाडीत बसून लागलेलं ऊन, ऑफिसच्या काचेतून टेबलावर आलेली तिरीप यांतलं काहीही धरायचं नाही. अंगाला खोबरेल चोळल्याने ड वाढत नाही. उन्हातून आल्यावर आंघोळ केली तर ड धुऊन जातं, हेही खरं नाही. ते त्वचेच्या जिवंत थरात बनतं, पृष्ठभागावर नाही. आंब्याच्या दाट बागेत दिवसभर राबणाऱ्याला उन्हाचा त्रास होतो, पण थेट किरण अंगावर पडतातच किती? आणि संध्याकाळी साडेपाचला गुहागरच्या नाहीतर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर फेरफटका मारणाऱ्यांनी स्वतःच्या सावलीकडे एकदा बघावं. ती पार माडांपर्यंत गेलेली असते. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के, पण मुळात वरून काही येत असेल तर ना.

मग कमतरता कोणाला? काजूच्या कारखान्यात सकाळी नऊला शेडमध्ये शिरून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या बायकांना. मासळी सोलण्याच्या, पॅकिंगच्या कामावर असणाऱ्यांना. बुरखा किंवा पूर्ण अंग झाकणारे कपडे घालणाऱ्यांना. सकाळी साडेदहाला वर्गात गेलेल्या आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात डबा खाणाऱ्या मुलांना. आजी-आजोबांना तर हमखास, कारण वयाबरोबर त्वचेतला तो कच्चा पदार्थच कमी होतो. तेवढ्याच उन्हात सत्तरीच्या माणसाला विशीतल्या माणसाच्या निम्म्याहूनही कमी मिळतं. जाड माणसांत ड चरबीत अडकून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. समुद्रापासून चार फर्लांगावर घर आहे म्हणून यांतलं काही टळत नाही.

पावसाळ्याचे चार महिने

कोकणातला खरा तिढा इथे आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायात घुटमळते आणि मध्ये ढग. पातळ ढगांनी फारसं अडत नाही. पण दिवसच्या दिवस दाटून राहणाऱ्या काळ्या ढगांनी यूव्हीबी निम्म्याहून जास्त कमी होतं. शेतकऱ्याला तरी ऊन मिळत असेल म्हणावं, तर लावणीच्या वेळी पाठीवर इरलं किंवा प्लास्टिक, अंग वाकलेलं आणि वर आभाळ.

रक्तातलं २५-हायड्रॉक्सी ड दोन-तीन आठवड्यांत निम्मं होतं. चरबीतल्या साठ्यामुळे उतार थोडा संथ पडतो, पण चार महिन्यांत साठा बराच संपतो. म्हणून ऑक्टोबरात केलेली तपासणी आणि मेच्या शेवटी केलेली तपासणी या एकाच माणसाच्या असल्या तरी आकडे वेगळे येतील. मे मधला २४ नॅनोग्रॅम हा आकडा बघून निर्धास्त झालेला माणूस सप्टेंबरात १५ वर आलेला असू शकतो. अहवालावरचा महिना वाचल्याशिवाय दोन अहवालांची तुलना करू नका.

आहाराचा आधारही नेमका याच वेळी सुटतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. मग श्रावण, अनेक घरांत गणपती होईपर्यंत मासळी नाही. ढग, बंदी आणि श्रावण एकामागोमाग एक. पावसाच्या चार महिन्यांसाठी सुकट, सुके बोंबील, खारे बांगडे भरून ठेवण्याची चाल चवीची आणि पोटाची सोय म्हणून पडली, पण काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक सुक्या मासळीतून कॅल्शियम चांगलं मिळतं. मीठ मात्र त्यात भरपूर असतं. रक्तदाबाच्या माणसाने पाण्यात भिजवून, पाणी टाकून मगच शिजवावी.

ताज्या मासळीत ड असतं ते मुख्यतः तेलकट माशांत. तारली आणि बांगडा हे त्यातले स्वस्त आणि भरवशाचे. पापलेट, सुरमई महाग म्हणून जास्त पौष्टिक, अशी बाजारातली समजूत ड च्या बाबतीत उपयोगाची नाही. कोळंबी, तिसऱ्या, बोंबील यांच्यावर ड साठी विसंबू नये. ड तेलात विरघळतं आणि शिजवण्याच्या उष्णतेने फारसं नष्ट होत नाही. पण तळताना तेलात उतरतं. सालमन माशावर केलेल्या एका तपासणीत भाजलेल्या तुकड्यात ड जवळजवळ सगळं टिकलं आणि तेलात तळलेल्यात निम्मंच उरलं. बांगड्याची तपासणी वेगळी केली तर आकडा थोडा बदलेल, दिशा बदलण्याचं कारण नाही. तेव्हा बांगड्याचं तिखलं किंवा तव्यावर कमी तेलात भाजलेला बांगडा, रव्यात घोळून खोल तळलेल्यापेक्षा सरस. कालवणात उतरलेली चरबी भातावर येते, वाया जात नाही.

अंड्याच्या पिवळ्या बलकात सुमारे ४० युनिट (ड मोजायचं माप) ड असतं. वरून ड न मिसळलेल्या साध्या दुधात नगण्य. नाचणी, नारळ, कोकम, कुळीथ, भाज्या, फळं यांत ड नाही. कुठल्याही ‘सुपरफूड’च्या यादीत नाचणीपुढे व्हिटॅमिन डी लिहिलेलं दिसलं तर यादी मिटवून ठेवा. नाचणीचं काम कॅल्शियमचं आहे आणि ते ती चोख करते. १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅमच्या एका भाकरीत दोनशेच्या वर. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. उकडा तांदूळ, मासळीचं कालवण आणि सोलकढी या जेवणात ते भरून निघत नाही, दूध-ताक-नाचणी-तीळ यांतलं काहीतरी रोज हवं.

शाकाहारी घरांसाठी अळंबी हा एकमेव नैसर्गिक मार्ग, तोही उन्हात ठेवली तर. अळंबीतल्या एर्गोस्टेरॉलचं यूव्हीबीने ड-२ होतं. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या अळंबीत ते जवळजवळ नसतं. विकत आणलेली धिंगरी किंवा बटण अळंबी चिरून, खालची पापुद्र्यांची बाजू वर करून, सावली आखूड असण्याच्या वेळेत तासभर उन्हात ठेवली तर १०० ग्रॅम ताज्या अळंबीत ४०० युनिटपर्यंत ड तयार होऊ शकतं. अख्खी ठेवली किंवा टोपीची गुळगुळीत बाजू वर ठेवली की फायदा कमी होतो, काचेचं झाकण घातलं की गेलाच. श्रावणात हे करायला ऊन नसतं, म्हणून एप्रिल-मेत पूर्ण सुकवून हवाबंद बरणीत, अंधारात ठेवायची. जरा दमट राहिली तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच बुरशी धरते. रानात उगवलेल्या अळंबीवर हे प्रयोग नकोत. ती ओळखणारं माणूस घरात नसेल तर ती खायचीच नाही.

दुकानातल्या तेलाच्या आणि दुधाच्या पिशवीवर निळ्या रंगातलं अधिक चिन्ह आणि एफ अक्षर दिसलं की त्यात अ आणि ड मिसळलेलं आहे. नियमाप्रमाणे तेलात ग्रॅमला ०.११ ते ०.१६ मायक्रोग्रॅम ड असतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. दिवसाला २० ग्रॅम तेल पोटात गेलं तर ९० ते १३० युनिट झाले. दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट, म्हणजे एका पेल्यात पन्नासेक. थोडं आहे, पण रोजचं आहे. घाण्यावरून आणलेल्या तेलात आणि घरच्या म्हशीच्या दुधात हे नसतं. ते वाईट आहेत असं नाही, फक्त त्यांच्यावर ड चा भार टाकू नये.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्यांना रोज ६०० युनिट, साठीनंतर ८०० आणि तान्ह्या बाळाला ४०० युनिट आहेत. वरचं सगळं जोडून बघा. एक अंडं, ड मिसळलेलं तेल, दोन पेले दूध आणि आठवड्यातून तीनदा बांगडा, एवढं करूनही आहारातून क्वचितच निम्म्याच्या पुढे जाता येतं. उरलेलं उन्हातून किंवा गोळीतून.

बाळ आणि बाळंतीण

आईच्या दुधात बाळाला लागणारं जवळजवळ सगळं असतं, ड नसतं. लिटरला फार तर काही दशक युनिट. आई सव्वा महिना बंद खोलीत, बाळ दुपट्यात, आणि दोघांच्या वाट्याचं ऊन म्हणजे सकाळी आठचं. बाळाला दुपारच्या उन्हात उघडं ठेवणं हा यावरचा उपाय नाही, त्याची त्वचा भाजते. उपाय म्हणजे जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

चूक होते ती थेंबांच्या बाटलीत. एका कंपनीच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, दुसरीच्या १ मिलिलिटरमध्ये ८००. औषधाच्या दुकानात ‘ते नाही, हे घ्या, तेच आहे’ म्हणून दुसरी बाटली मिळते आणि ड्रॉपर मात्र आधीसारखाच भरला जातो. दुप्पट किंवा निम्मा डोस महिनोन्महिने चालतो. बाटली बदलली की लेबलावरचा ‘प्रति मिलिलिटर’ आकडा वाचायचा आणि त्यावरून मिलिलिटर ठरवायचे. थेंब बाटलीभर दुधात घालू नयेत. बाळाने दूध टाकलं तर औषधही गेलं. चमच्यातून किंवा गालाच्या आत द्यावेत.

मुडदूस झालेल्या मुलाच्या मनगटाची हाडं रुंद दिसतात, चालायला लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकतात किंवा गुडघे एकमेकांवर घासतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. तान्ह्या बाळाला झटके येण्यामागे रक्तातलं कॅल्शियम घटणं हे एक कारण असू शकतं. तेव्हा थेट रुग्णालय. दीड वर्षापर्यंतचे थोडे वाकडे पाय बहुतेक मुलांत असतात आणि आपोआप सरळ होतात. ते वाढत चालले, एकाच पायात जास्त असले किंवा मूल उंचीने मागे पडलं तर दाखवायचं. उपचारात ड बरोबर कॅल्शियमही लागतं. ‘मालिश करून सरळ करू’ या नादात महिने घालवू नयेत.

मोठ्यांतलं लक्षण वेगळं. सांधे नव्हे, हाडं दुखतात. नडगीवर बोटाने दाबलं की कळ येते, कंबर आणि मांड्या जड होतात. पाटावरून किंवा जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, एसटीची पायरी चढताना दांडा धरून वर ओढून घ्यावं लागतं. चाल बदकासारखी होते. हे वय झाल्याचं लक्षण समजून सोडून दिलं जातं. बायकांत तर हमखास.

तपासणी आणि पुड्या

ज्याला काही त्रास नाही अशा सरसकट सगळ्यांनी ड ची तपासणी करायची गरज नाही. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरक-तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही तेच म्हटलंय. लक्षणं असतील, वारंवार हाड मोडत असेल, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, फिटच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर करावी. चिठ्ठीवर ‘२५-हायड्रॉक्सी’ असायला हवं. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी आणि महाग तपासणी. कमतरता असतानाही ती ठीक किंवा जास्त येऊ शकते, त्यामुळे दिशाभूल होते. उपाशी पोटी जायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काही यंत्रांत त्याने ड खोटं जास्त दिसतं.

आकडा नॅनोग्रॅममध्ये आहे की नॅनोमोलमध्ये ते बघा. दुसऱ्याला २.५ ने भागलं की पहिला मिळतो. १२ च्या खाली स्पष्ट कमतरता, २० च्या वर बहुतेकांच्या हाडांना पुरेसं. मधल्या पट्टीबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत आणि बऱ्याच प्रयोगशाळा ३० च्या खालचं सगळं ठळक अक्षरांत छापतात. २४ बघून झोप उडवून घेऊ नये.

कमतरता ठरल्यावर मोठ्यांना सहसा आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी किंवा कॅप्सूल, ८ आठवडे, असं लिहून देतात. नंतर महिन्याला एक, नाहीतर रोज १००० ते २००० युनिट. पुडी रिकाम्या पोटी काळ्या चहाबरोबर घेण्यापेक्षा दुपारच्या मुख्य जेवणानंतर घ्यावी. ड ला शोषलं जायला चरबी लागते आणि खोबऱ्याच्या वाटपाचं जेवण त्याला पुरेसं आहे. वार ठरवून टाका, आठवडा बाजाराचा वार सगळ्यांत सोपा, विसरला जात नाही.

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असतं आणि घरी पुडी रोज सुरू होते, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. किंवा उलट. आठ आठवडे संपतात, बरं वाटतं, आणि ‘ताकदीची पुडी’ म्हणून वर्षभर दर आठवड्याला चालू राहते. मुंबईहून आलेली पाकिटं घरात वाटली जातात. एका डॉक्टरची पुडी, दुसऱ्याचं इंजेक्शन आणि कॅल्शियमच्या गोळीतलं ड, तिन्ही एकदम. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० युनिटच्या वर जाऊ नये. जास्त झालेलं ड लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत राहतं. रक्तात कॅल्शियम चढतं. मग तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, भूक मरणं, म्हाताऱ्या माणसांत गोंधळल्यासारखं वागणं आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. ही लक्षणं ‘अशक्तपणा’ समजून आणखी एक पुडी दिली गेली तर काय होईल ते सांगायला नको.

एकदम मोठा डोस देऊन वर्षभराची निश्चिंती, हाही मोह टाळा. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षाला एकदाच ५ लाख युनिट दिले, तर पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ६ लाखांचं इंजेक्शन अजून मिळतं. सोयीचं आहे म्हणून मागून घेऊ नका. अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या व्हायटल चाचणीत रोज २००० युनिट घेऊन कर्करोग होणं किंवा हृदयविकार कमी झाला नाही, हाडं मोडणंही नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती. ज्याच्या अंगात पुरेसं आहे त्याला आणखी घालून काही मिळत नाही, एवढं त्यावरून धरावं. प्रतिकारशक्ती, मधुमेह, केस, वजन यांच्यासाठी म्हणून पुडी विकणाऱ्याला मी तरी दाद देणार नाही.

मुतखडा होऊन गेलेला, मूत्रपिंडाचा आजार असलेला, सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार) किंवा क्षय असलेला माणूस यांनी स्वतःहून काही सुरू करू नये. क्षयात गाठींमधल्या पेशी स्वतःच ड चं सक्रिय रूप बनवू शकतात आणि कॅल्शियम अनपेक्षित चढतं.

पुन्हा तपासायचं ते तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांत आकडा बघायला गेलात तर पैसे वाया. तीन महिन्यांनीही आकडा हलला नसेल तर आधी पुड्या खरंच किती पोटात गेल्या ते मोजा, रिकामी पाकिटं कपाटात सापडतात. मग वजन बघा, जाड माणसाला दुप्पट-तिप्पट लागू शकतं. फिटसाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा क्षयाची रिफॅम्पिसिन यांतलं काही चालू असेल तर ती औषधं ड लवकर मोडून टाकतात. ती बंद करायची नसतात, ड चा डोस बदलतात. जुनाट जुलाब, तेलकट आणि पाण्यावर तरंगणारी शौच, गव्हाचा त्रास यांतलं काही असेल तर पुडी आतड्यातून आत जातच नाहीये. ते डॉक्टरांना सांगा आणि कॅल्शियम, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) आणि अल्कलाइन फॉस्फेटेस (हाडांच्या आजारात वाढणारं विकर) या तीन तपासण्या सोबत करायला सांगतात का ते विचारा.